तिसरीला ताप येतो

मला नाटकं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक म्हणून काढली. समोरचा माणूस बोलतो, आपण लिहायचं. तो रडला तर त्याचं रडणं लिहायचं नाही, फक्त बोलणं लिहायचं. एवढी खरीखोटी रडणी ऐकल्यावर संध्याकाळी नीट साडी नेसून आणखी एक रडणं ऐकायला जावं, असं मला कधी वाटलं नाही. आणि हेही सांगते की यात कोणाचंच नाव येणार नाही. यातली निम्मी माणसं हयात आहेत आणि त्यांचे नातेवाईक भांडकुदळ आहेत. मी पण त्या नातेवाइकांतलीच एक.

तरीही मागच्या हिवाळ्यात मी एका नाटकाला गेले, ते मावशीमुळं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आधी खुलताबादला, मग बिडकीनला, मग पुन्हा खुलताबादला. लग्न केलं नाही. आता हर्सूलला माझ्याकडं राहते. तिच्या मते मी तिच्याकडं राहते, कारण घर तिच्या पैशातून उभं राहिलंय. हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवते आणि मी ऐकून घेते, कारण ते खरं आहे.

नर्स व्हायच्या आधी मावशी गायची. साठच्या दशकात आमच्या वस्तीत पुरुषांच्या गायन पार्ट्या बऱ्याच होत्या. जयंतीचा महिना आला की गावोगावची बोलावणी यायची. एका मंडपात दोन पार्ट्या समोरासमोर बसवून मुकाबला लावायचे. एकीनं गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातच जवाब द्यायचा. पोरींची पार्टी मात्र एकच होती, या तिघींची. पहिली मधे बसून गायची. दुसरी तिच्या उजव्या हाताला आणि तिसरी, म्हणजे आमची मावशी, डाव्या हाताला. माईक एकच. पहिलीनं ओळ सोडली की या दोघींनी दोन्हीकडून माईककडं झुकून ती उचलायची. पेटीवर शेजारच्या मोहल्ल्यातले एक उस्ताद असायचे. तिघींना सुरात त्यांनीच आणलं. घरच्यांनी परवानगी दिली तीही त्यांच्याच भरवशावर, कारण उस्ताद पोरींना दारातून घेऊन जायचे आणि दारात आणून सोडायचे.

दोन-अडीच वर्षं पार्टी जोरात चालली. मग मावशीचा पुण्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगला नंबर लागला. हजर व्हायचा दिवस नेमका जालन्याच्या मुकाबल्याचा. तोपर्यंतचा तिघींचा सगळ्यात मोठा कार्यक्रम होता तो, समोर नावाजलेली पुरुषांची पार्टी होती, आणि आमच्या पोरी त्यांना पाणी पाजणार असं सगळी वस्ती सांगत फिरत होती. मावशीनं दोघींना काही सांगितलं नाही. सकाळी ट्रंक उचलली, बापाबरोबर एसटीत बसली आणि गेली. दुपारी उस्ताद न्यायला आले तेव्हा माझ्या आजीनं दारातूनच सांगितलं की ती पुण्याला गेली. दोघी तशाच जालन्याला गेल्या आणि हरून आल्या.

"सांगून का नाही गेलीस?" असं मी मावशीला आयुष्यात एकदाच विचारलं.

"सांगितलं असतं तर गेले नसते," एवढंच म्हणाली आणि गवारीच्या शेंगा मोडायला लागली.

पार्टी पुढं वर्षभरात बंद पडली. मावशी ट्रेनिंग संपवून परत आली तेव्हा पहिलीनं तिचं नाव पाडून ठेवलं होतं, पळपुटी. नळावर, विहारात, लग्नात, जिथं मावशी दिसेल तिथं बाया एकमेकींना कोपर मारून म्हणायच्या, आली बघ पळपुटी. पहिली स्वतः मात्र तिच्याशी चकार शब्द बोलली नाही. तेव्हा नाही आणि त्यानंतरही नाही. पन्नासहून जास्त वर्षं दोघी एकाच शहरात राहिल्या. मयतीला गाठ पडली तर पहिली भिंतीकडं तोंड करून बसायची. दहा वर्षांपूर्वी दुसरी वारली, तेव्हा या दोघी तिच्या दोन बाजूंना दोन तास बसल्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. मी समोरच होते. मला दोघींच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली, पण मयतीच्या घरात तसं करता येत नाही.

आणि आता या पार्टीवर नाटक आलं. छोटंसंच, संगीत नाटक. सहा नट, तीन वादक, दोन तासांचा खेळ, रविवारी संध्याकाळी पाचला, एका शिक्षणसंस्थेच्या लहान सभागृहात. विहाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात आली. एका माईककडं झुकलेल्या तीन पोरी आणि खाली शहराचं नवीन नाव. मावशीनं चष्मा लावून, बोटांनी मोठं करकरून ते चित्र बघितलं.

"तिसरी लईच बारीक दाखवली," म्हणाली. "मी बरी होते की अंगानं."

मग चष्मा काढून ठेवला. आणि मग म्हणाली, "माझ्याकडं कसा नाय आला गं हा लिहिणारा?"

हा तिला लागलेला मुद्दा होता. नाटक लिहिणारा आणि बसवणारा मुलगा एकच, तिशीतला, इथलाच पण दुसऱ्या वस्तीतला, पुण्याला शिकून आलेला. पहिलीच्या घरी तो महिनाभर रोज दुपारी येऊन बसायचा, मोबाइलवर तिचं बोलणं भरून घ्यायचा, हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. आमच्याकडं फिरकला नाही. हर्सूल काय लंडनला आहे का? रिक्षा येते.

त्यानंतरचा आठवडा मावशीनं मला नको करून सोडलं. तिला एकच बघायचं होतं, नाटकात आपल्याला काय केलंय. "पळपुटी म्हणलं असंल तर म्हणू दे," असं ती गोळी घेता घेता सांगायची. "पळालेच मी. पण काहून पळाले, तेवढं सांगितलं का नाय, ते बघायचं मला." दुपारी पुन्हा तेच. कपडे वाळत घालताना पुन्हा तेच. मी म्हटलं, मावशे, नाटक आहे ते, साक्ष नाही. तर म्हणाली, "लोकं नाटकच खरं धरत्यात. तुझी कोर्टाची कागदं कोण वाचतंय?"

मी दोन तिकिटं सांगून ठेवली.

मला स्वतःला विचाराल तर मी मावशीच्या बाजूची आहे, तटस्थ वगैरे नाही. आमच्या घरात पहिला सरकारी पगार तिचा आला. मामा शिकला तिच्या पगारावर, माझी टायपिंगची आणि शॉर्टहँडची फी तिनं भरली. ती त्या दिवशी एसटीत बसली नसती तर मी आज हे लिहीत बसले नसते, कुणाच्या तरी शेतात खुरपत बसले असते. पण हे कोणत्या गाण्यात सांगणार?

रविवारी तिनं पांढरी साडी नेसली, केसांना तेल लावलं, ब्लडप्रेशरची गोळी अर्धा तास आधीच घेतली. सभागृहात शिरताच म्हणाली, "शेवटच्या रांगेत बसू, दाराजवळ."

"काहून?"

"पळायला बरं," म्हणाली आणि स्वतःच हसली.

पुढं पाहुण्यांसाठी सोफा मांडला होता. त्यावर पहिली बसली होती, शेजारी तिची सून. मागून आम्हाला पहिलीचा फक्त पांढरा अंबाडा दिसत होता. मावशीनं तो एकदा बघितला आणि मग पडद्याकडं बघत राहिली. सभागृह भरलं. नेहमीचे नाटकवाले लोक तीसेक असतील, बाकी सगळी वस्ती आणि उस्तादांच्या मोहल्ल्यातली म्हातारी मंडळी.

नाटक सुरू झालं आणि मला मान्य करावं लागेल, पोरी छान गात होत्या. चाली नवीन होत्या, पण धाटणी जुनीच. पेटीवर एक खरंच म्हातारा माणूस होता, तरुणपणी गायन पार्ट्यांतून वाजवलेला. त्याची बोटं बघूनच ते कळत होतं. पहिली झालेली नटी गळ्यानं तगडी होती. तिसरी झालेली पोरगी बारीक, हसरी, सारखी खाणारी. कार्यक्रमाच्या आधी ओच्यातले शेंगदाणे खायची आणि मग माईकवर खोकायची, त्यावर लोक हसायचे.

"मी कुठं खायचे शेंगदाणे?" मावशी माझ्या कानात फणफणली. "तीच खायची! तिनं आपलं माझ्यावर ढकललं बघ."

माझ्या शेजारच्या बाईनं आमच्याकडं वळून "शू" केलं.

तासाभरानं बक्षिसाचा प्रसंग आला. इथं एक सांगायला हवं. आमच्याकडं गाण्याच्या कार्यक्रमात एक रीत आहे. गाणं आवडलं की ऐकणारा उठतो, वाट काढत स्टेजपाशी जातो आणि नोट देतो. गाणारी थांबते, निवेदक माईकवर पुकारतो, अमक्या गावच्या अमक्याकडून पार्टीला एवढं बक्षीस, पार्टी त्यांची आभारी आहे. मग गाणं सोडलं होतं तिथून पुढं. देणारा छाती काढून जागेवर येतो. नाटकात हे दाखवायचं म्हणून त्या दिग्दर्शकानं एक नट प्रेक्षकांत बसवून ठेवला होता. मुकाबल्याच्या गाण्यात तो ठरल्याप्रमाणं उठला, जुन्या पद्धतीची खोटी नोट घेऊन गेला, निवेदकानं ठरलेलं वाक्य पुकारलं. इथपर्यंत सगळं ठीक.

पण त्यानंतर तिसऱ्या रांगेतले एक आजोबा धोतर सावरत उठले आणि खिशात हात घालत स्टेजकडं निघाले. त्यांच्या मागं एक दाढीवाले चाचा, "ठैरो, मेरा भी लेव!" मग दोन बाया. मग आणखी. बघता बघता दहा-बारा जणांची रांग लागली. स्टेजवरच्या पोरी गोंधळून विंगेत बघायला लागल्या. दिव्यांच्या टेबलापाशी उभा असलेला दिग्दर्शक धावत पुढं आला आणि दबक्या आवाजात सगळ्यांना विनवायला लागला, "काका, नाटक आहे हे, नाटक आहे."

"मंग? गाणं तर खरंच म्हणायल्या ना पोरी?" आजोबा म्हणाले आणि नोट पुढं केली.

एकटा पेटीवाला शांत होता. तो तीच ओळ घोळवत राहिला आणि पोरींना मानेनं खुणावलं, थांबा, घ्या, घाई करू नका. निवेदक झालेल्या नटानं शेवटी शरणागती पत्करली आणि खऱ्या माणसांची खरी नावं पुकारायला लागला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी त्या सगळ्या प्रकाराची मजा बघत होते, तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची वाजली. मावशी उठली होती.

"बस खाली," मी तिचा पदर धरला. "मावशे, बस म्हणते ना."

"सोड गं."

ती गेली. गुडघे दुखतात म्हणून रोज मला बाजारात पाठवणारी बाई मधल्या वाटेनं सरळ चालत गेली आणि त्या सोफ्याच्या अगदी समोरून स्टेजपाशी पोचली. रीत अशी की नोट निवेदकाच्या नाहीतर मुख्य गाणारीच्या हातात द्यायची. मावशीनं ती तिसरीच्या हातात दिली. ती पोरगी पुरती भांबावली. निवेदकानं वाकून विचारलं, "आजी, नाव?"

"नाव नको. खुलताबादच्या सिस्टरकडून म्हण."

"खुलताबादच्या सिस्टरकडून शंभर रुपये बक्षीस," तो माईकवर म्हणाला, "पार्टी त्यांची आभारी आहे."

सोफ्यावरचा पांढरा अंबाडा तोवर गाण्यावर डोलत होता. तो थांबला. मावशी परत येऊन बसेपर्यंत पहिली संपूर्ण मान वळवून मागं बघत होती. सून तिला काहीतरी विचारत होती, तिचं लक्ष नव्हतं. गाणं पुन्हा सुरू झालं तरी ती दोनदा मागं वळली. मला वाटलं, आता हिला राग आला. मावशीला मात्र बरं वाटत होतं. तिला थोडी धाप लागली होती.

"आता बघ," ती म्हणाली. "आता पुण्याचं येईल."

पुण्याचं आलं नाही. ताप आला.

जालन्याला निघायच्या दिवशी तिसरी अंथरुणाला खिळलेली. स्टेजवर सतरंजी, त्यावर ती पोरगी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडलेली, उशाशी तिची आई, निळा दिवा. दुसरी आणि पहिली दोन बाजूंना. तिसरी पडल्या पडल्या बारीक आवाजात गायला लागली, की तुम्ही जा, मुकाबला जिंका, माझी वाट बघू नका. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, ताप उतरेल आणि मग ती पुण्याला जाईल.

"पांघरूण काढा आधी तिचं," मावशी पुटपुटत होती. "एवढ्या तापात गुंडाळून ठेवत्यात का? पाणी पाजा. अंग पुसा की गं माय तिचं."

कोणी पुसलं नाही. गाण्याच्या शेवटच्या ओळीला तिसरीचा हात सतरंजीवर पडला, पेटी थांबली आणि आई झालेल्या नटीनं हंबरडा फोडला. तिसरी मेली.

सभागृहात सगळीकडून नाक ओढल्याचे आवाज यायला लागले. माझ्या शेजारची मघाची शू करणारी बाई पदरानं डोळे पुसत माझ्यावरून वाकली आणि मावशीला म्हणाली, "लई गुणाची होती वो पोरगी."

"व्हय," मावशी म्हणाली. "लई."

मी मावशीकडं बघितलं. तिचा चेहरा कोरडा होता. दोन्ही हात मांडीवर आणि नजर त्या सतरंजीवरच्या पोरीवर. मला राग आला. कोर्टात तीस वर्षांत आला नव्हता तसा राग आला. अरे, काय समजता काय तुम्ही? पळपुटी म्हणा, दगाबाज म्हणा, पण जिवंत बाईला मारून टाकायचं? आणि जी दुसरी खरोखर वारली ती नाटकात शेवटपर्यंत ठणठणीत! मावशीचं दवाखान्यातलं सगळं आयुष्य, डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांतून चालत जाऊन केलेली बाळंतपणं, मामाचं शिक्षण, माझं शिक्षण, हर्सूलचं घर, सगळं त्या निळ्या दिव्याखाली एका हुंदक्यात पुसून टाकलं होतं. आणि लोक त्यावर रडत होते.

"चल," मी म्हटलं. "उठ. जाऊ घरी."

"पुरं बघायचं," मावशी म्हणाली. "मी मेल्यावर काय करत्यात ते बघू दे."

ती मेल्यावर त्यांनी असं केलं : पहिली आणि दुसरी पुढच्या कार्यक्रमांना गेल्या, पण जुन्याच जागांवर बसल्या. पहिली मधे, दुसरी उजवीकडं, आणि डाव्या बाजूला सतरंजी मोकळी. पहिलीनं ओळ सोडली की एकीकडूनच ती उचलली जायची. त्या मोकळ्या जागेवर एक पिवळा दिवा पाडला होता. मी मनात म्हटलं, आली पुण्याची दिग्दर्शकगिरी. दोन गाणी तशी झाली आणि नाटक संपलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघी तेवढ्या बसून होतो.

मग पहिलीला स्टेजवर बोलावलं, शाल पांघरली, फुलं दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितले. ती माईकसमोर उभी राहिली, सभागृहावरून नजर फिरवली, शेवटच्या रांगेपाशी थांबली.

"मला काय बोलायचं नाय," म्हणाली आणि खाली उतरली.

"आजी भावुक झाल्यात," दिग्दर्शकानं लोकांना समजावून सांगितलं.

मावशी घरी यायला तयार होईना. बाहेर पाण्याच्या टाकीजवळ एक बाक होता, त्यावर जाऊन बसली. मी म्हटलं, तमाशा करू नकोस. म्हणाली, तमाशा झालाय, मी नुसती विचारणार आहे. लोक पांगले. पहिली काठी टेकत बाहेर आली, एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला तो दिग्दर्शक. तिनं आम्हाला बघितलं. मला वाटलं, आता नेहमीसारखं तोंड फिरवेल आणि जाईल. तिनं सुनेला सांगितलं, "तू रिक्षा बघ जा," आणि काठी टेकत बाकापर्यंत आली.

"तापानं मारलंस व्हय मला?" मावशीनं सुरुवात केली.

पहिलीनं काठीवर दोन्ही हात ठेवले.

"उभी जिंदगी लोकांचे ताप उतरवले मी. आणि मला तापानं मारतीस? ते बी पांघरूण घालून?"

"आजी, या कोण?" दिग्दर्शकानं विचारलं.

"ही तिसरी," पहिली म्हणाली.

तो पोरगा पांढराफटक पडला. त्यानं मावशीकडं बघितलं, मग पहिलीकडं. "पण तुम्ही तर मला सांगितलं होतं की त्या..."

"सांगितलं होतं. खोटं सांगितलं."

म्हणून तो आमच्याकडं आला नव्हता. मेलेल्या बाईच्या घरी कोण कशाला रिक्षा करून जाईल? तो मटकन बाकाच्या टोकाला बसला. मला त्याची थोडी दयाही आली, पण थोडीच.

"पळपुटी म्हणायचं होतंस," मावशी म्हणाली. "साऱ्या गावाला सांगत फिरलीस, ह्या एका पोराला सांगायला काय झालं होतं तुला? मी तेच ऐकायला आले होते. पळाले तर पळाले, पण कशापायी पळाले ते तरी लोकांना कळलं असतं. मेल्यावर काय राहिलं गं माझं? खुलताबाद गेलं, बिडकीन गेलं, सगळंच गेलं की."

पहिलीनं काठी बाकाला टेकवून ठेवली. ती कडेकडेनं, दोन हातांनी आधार घेत, मावशीच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत मी दोघींना एका बाकावर बघितलं नव्हतं.

"खरंच सांगायले होते मी ह्याला," ती म्हणाली. "पुण्याचं सांगणार होते. पण त्याच्याआधी मी सांगून बसले, तू गेल्यावर आम्ही दोघी कशा बसायचो ते. डाव्या हाताची जागा सोडून. उस्ताद ओरडायचे, सरका, मधे बसा, बरं दिसत नाय. दुसरी सरकायची बी. मी तिला परत उजवीकडं ढकलायचे. तर हा मला म्हणतो, आजी, न सांगता पळून गेलेल्या बाईची जागा कोण ठेवतं? लोकांना पटायचं नाय. मला काय सुचंना मंग. म्हणलं, मेली होती ती. तर लगेच पटलं ह्याला."

दिग्दर्शक मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडं बघत होता. त्या मोकळ्या सतरंजीला मी त्याची कल्पना समजले होते आणि मनातल्या मनात नावं ठेवली होती. नाटकात पूर्ण खरं तेवढंच होतं.

मावशी तिच्याकडं वळली. मग तिनं विचारलं, "खरंच ठेवली होती जागा?"

"व्हय."

"किती दिवस?"

"पार्टी बंद पडेस्तोवर."

"अगं मग मला सांगायचं नाय?" मावशी ओरडलीच. टाकीपाशी पाणी पिणारी माणसं वळून बघायला लागली. ती आता उघड रडत होती आणि डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं. "म्हातारी झाले मी, म्हातारी! एकदा तरी सांगायचं!"

"कशी सांगणार?" पहिली म्हणाली. "मी बोलत नव्हते ना तुझ्याशी."